क्लेममामाच्या गाडीला मोठा पिस्टन

कुलाबिन फार्म, क्वीन्सलंड
बुधवार

प्रिय क्लेममामा,

आधी चुकांची माफी मागतो. शाळा नववीत सुटली आणि स्पेलिंगचं अन् माझं त्याच्याही आधी फाटलं होतं. शिवाय एकाच बोटाने टाइप करतोय, त्यामुळे हे ईमेलचं पत्र सकाळपासून चालू आहे. बाकीच्या नऊ बोटांना ग्रीस आहे (कसलं, ते पुढे येईल).

तुमची तब्येत कशी आहे? नवे दात नीट बसले का? आजी म्हणते, दात आल्यापासून तुम्ही सभ्य दिसता. मला मात्र तुम्ही ख्रिसमसला बोळक्या तोंडाने आपल्या मोटारसायकलचा हुबेहूब आवाज काढायचात आणि आजी तुमचं ताट बाहेर नेऊन ठेवायची, तेच आठवतं.

तर पत्रास कारण, तुम्ही फार्म सोडून जाताना मला दिलेली मोटारसायकल. चार माणसं समोर असली की माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहितो. गेल्या महिन्यात कोरड्या नदीच्या चढावर ती सगळ्यांसमोर दमली. मी उतरून ढकलायला लागलो. मागे चॉप्स बसली होती (तुमचीच कुत्री, हल्ली गुरांसाठी ठेवलेली उसाची गोड मळी चाटून फार जाड झालीय), ती काही उतरेना. मी घामाघूम आणि ती जमीनदारीणबाईंसारखी इकडेतिकडे बघतेय. ब्रोडी म्हणून नवा गडी आलाय. त्याची गाडी साडेचारशे सीसीची आणि तोंड त्याहून मोठं. तो वरून ओरडला, "काय रे, मोटारसायकल आहे की शिवणयंत्र? आलास की माझ्या पँटची चेन लावून दे!" सगळे हसले. मालकीण मर्लबाईसुद्धा हसल्या, आणि त्या वर्षातून दोनदाच हसतात.

ब्रोडीकडे इंजिनाची ताकद वाढवणारा एक मोठा ब्लॉक-पिस्टन पडून होता, आपल्या गाडीला बसणारा. म्हणाला, "घेऊन जा, तुझी दया येते." तेव्हापासून झोप उडाली. इंजिन वाढवावं की नको?

मग शनिवार आला. मागच्या कुरणातल्या वासरंवाल्या गाई आणायच्या होत्या. पहिला ब्रोडी गेला. गाडी अशी गर्जली की गाई आठ दिशांना आणि वासरं नवव्या दिशेला. तासाभराने तो एकटाच परत आला, हँडलला कुंपणाची तार गुंडाळलेली. मर्लबाई मला म्हणाल्या, "जा रे डार्सी, बघ तुझं यंत्र काय शिवतंय."

मी दुसऱ्या गिअरमध्ये फटफटत गेलो. खरं सांगतो मामा, मी काही केलं नाही. मागे वळून पाहिलं तर एकशे चाळीस गाई वासरांसकट रांगेने येतायत, वरात निघाल्यासारख्या. घाबरून वेग वाढवला तर त्याही पळायला लागल्या! सगळी वरात सरळ गुरांच्या वाड्यात. फाटक कोणी उघडलं? ब्रोडीने. मी हेल्मेट काढायला जरा जास्त वेळ लावला.

सोमवारी नाश्त्याला मर्लबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अरे, दुष्काळात तीन वर्षं क्लेम त्याच गाडीवरून गुरांना मळी वाटत होता. तो आवाज ऐकला की त्यांना वाटतं, जेवण आलं. शुक्रवारी डोंगरावरची सगळी गुरं खाली आणायची, पुढे डार्सी. आणि त्या इंजिनाला कुणी हात लावला तर त्याने आपलं गाठोडं बांधायचं." मामा, माझ्या सोळा वर्षांच्या आयुष्यात 'पुढे' या शब्दाशेजारी माझं नाव पहिल्यांदाच आलं. मी अंडं न चावता गिळलं.

तेव्हा खूप विचार करून मी ठरवलंय की इंजिन वाढवू नये. ताकद म्हणजे सगळं काही नसतं. तुम्हाला माझा अभिमान वाटेल.

तुमचा,
डार्सी

ता. क. हे ठरवलं सोमवारी. मोठा पिस्टन रविवारीच बसवला होता. मला वाटलं, छोट्या इंजिनामागे एकशे चाळीस येतात, तर मोठ्यामागे किती येतील! काल कुंपणाशी गाडी चालू केली. गाईंनी माना वर केल्या आणि त्या डोंगराकडे निघून गेल्या. जुना ब्लॉक परत बसवला असता, पण काढताना हातोडा जरा जोरात बसला आणि तो तडकला. मर्लबाईंनी अजून आवाज ऐकलेला नाही. मी गाडी ढकलतच नेतो आणि व्यायाम म्हणून सांगतो.

ता. क. २. उद्या गुरुवारच्या बसने याल का? शुक्रवारी मी गाडी बंद करून उतारावरून सोडीन, तुम्ही मागे बसून तोंडाने फटफट करायचं. दात घरी ठेवून या.

ता. क. ३. चॉप्सला आत्ताच सात पिल्लं झाली. सगळी ब्रोडीच्या कुत्र्यासारखी दिसतात.