कालच्या सिनेमातली बाई

आजी, काल शनिवार होता आणि मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. तोच, ज्यातल्या बाईसाठी तू चर्चमध्ये प्रार्थना मागितली होतीस म्हणून आपलं अख्खं घर इतकी वर्षं हसत आलं. मोबाइलवर सहज सापडला. बाबांना शेजारी बसवलं होतं, पण आता त्यांचं वय झालंय, पहिलं गाणं संपायच्या आत ते घोरायला लागले. मी एकटीच पाहत राहिले.

तुझे शनिवार-रविवार अगदी ठरलेले असायचे. शनिवारी दुपारी सगळ्यांचे चर्चचे कपडे कांजी घालून दोरीवर, आणि संध्याकाळी भाजलेल्या शेंगांची परात मधे ठेवून आपण सगळे टीव्हीपुढे. सिनेमा जुना, काळा-पांढरा, रडारडीचा असला की तू खूश. तू नुसती पाहायची नाहीस, पडद्याशी भांडायचीस. ‘अगं त्याच्या नादी लागू नगंस, लई बाराचा हाय त्यो.’ शेवट जवळ आला की मात्र उठून इस्त्री करायला जायचीस. आम्ही हाका मारायचो, तर आतून म्हणायचीस, ‘हुतंय समदं गोड, तुमी बघा की.’ रविवारी पांढरं पातळ नेसून चर्च, आणि घरी आलं की मटण आणि गरम भाकरी. त्या भाकरीच्या वासानं मला अजूनही रविवार आठवतो, वार कुठलाही असो.

त्या आठवड्यात आत्या बार्शीहून आली होती. ‘चार दिवस आरामाला आलीय,’ असं बाबा शेजारच्यांना सांगत होते. सोलापूरचा मे महिना, आपण सगळे ओले टॉवेल अंगावर घेऊन पडलेलो, आणि आत्या मनगटापर्यंत बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. तू तिला भाकरी थापू दिली नाहीस, पाण्याची कळशी उचलू दिली नाहीस. मला वाटलं, माहेरवाशिणीचे लाड चाललेत. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन, मला तिनं आणलेल्या खाऊचं अप्रूप जास्त होतं.

रविवारी उपासनेत पाळकसाहेब नेहमीप्रमाणे विचारतात, कुणाचे प्रार्थनेचे विषय आहेत का. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची बदली अडलीय, कुणाच्या मुलाचा निकाल आहे. मग आत्याशेजारून तू उठतेस. डोक्यावरचा पदर नीट करतेस.

‘एक बाई हाय. तिला सासरी लई तरास हाय. हात भाजलाय तिचा, पर इचारलं तर म्हनती, दूध उतू गेलं. बसल्या बसल्या झोपती. दाराची कडी वाजली की दचकती. तिला परत तितं धाडू ने, एवढी बुद्धी तिच्या मानसांस्नी व्हावी.’

मग बायकांच्या बाजूनं खसखस पिकली. आदल्या संध्याकाळी सगळ्यांकडेच तो सिनेमा लागला होता, छळलेल्या सुनेचा; मी तर अर्ध्यातच झोपले होते. पुढच्या बाकावरच्या मावशींनी वळून मायेनंच विचारलं, ‘आजी, ती कालच्या सिनेमातली व्हय?’ तू बाबांकडे पाहिलंस. ते कमिटीच्या लोकांबरोबर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मग तू म्हणालीस, ‘व्हय. तीच,’ आणि बसलीस. पाळकसाहेबसुद्धा हसले.

घरी आल्यावर बाबा तुझ्यावर स्वयंपाकघरात चिडले. ‘आई, कमिटीवर आहे मी. सिनेमातलं काय आणि खरं काय, एवढंही कळत नाही का तुला?’ तू तव्यावरची भाकरी उलटलीस. ‘चुकलं बाबा माजं.’ आत्या कोपऱ्यात लसूण सोलत होती, तिनं मान वर केली नाही. सोमवारी बाबांनी तिला बार्शीच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, ‘नीट राहा’ म्हणाले. पुन्हा तू चर्चमध्ये प्रार्थनेचा विषय कधीच दिला नाहीस.

पण त्या गोष्टीचा विनोद झाला. दर नाताळला पाहुणे जमले, करंज्यांचं ताट फिरायला लागलं की बाबांना आग्रह व्हायचा आणि ते डोक्यावर टॉवेल घेऊन तुझी नक्कल करायचे, वाक्य न् वाक्य. म्हणून तर मला ते सगळं पाठ आहे. काल सिनेमा पाहताना मी त्या वाक्यांची वाट पाहत बसले. आजी, त्या सिनेमातल्या बाईचा हात भाजलेला नाही. दूध उतू जात नाही. ती दचकत नाही, उलट सासूला चांगली फडाफडा बोलते. आणि तिला सासरी परत धाडणारं माहेरच नाही.

मी मोबाइल बंद करून अंधारात बसून राहिले. घरातलं भांडण चर्चमध्ये काढायचं नाही, ही बाबांची सक्त ताकीद होती. तू लेकीचं नाव घेतलं नाहीस, पण मागायचं ते सगळ्यांसमोर मागितलंस. आणि आम्ही हसलो तेव्हा तिची लाज राखायला स्वतः खुळी ठरलीस. किती वाईट वाटतंय, हे तुला नाही तर कुणाला सांगू? बाबांना तेव्हा कळलं होतं का, हे विचारायचा मला धीर नाही. न कळून त्यांनी नक्कल केली असेल, असं मी धरून चाललेय.

आज चर्चहून आल्यावर मी आत्याला फोन केला. काका गेल्यापासून ती बार्शीला एकटीच असते, आपल्याकडे फक्त मयताला येते. मी सिनेमाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला तवाच कळलं हुतं गं. आई बसली, तरी मी बाकावर वाट बघत हुते, दादा उठतोय का म्हणून.’

हे तुला पोचणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहू शकतेय. मला तिला म्हणायचं होतं, आत्या, आता तरी ये, इथंच राहा. शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात बाबांनी आतल्या खोलीतून विचारलं, ‘कुणाचा फोन गं?’ मी म्हणाले, ‘कुणाचा नाही, ऑफिसचा.’ फोन चालूच होता, आजी. आत्यानं ते ऐकलं.