कमानीच्या बाहेर

१ नोव्हेंबर १९८६, शुगर लँड

सासूबाई गेल्या. सकाळी नागपूरहून कुमारभाऊजींचा फोन आला तेव्हा हे आंघोळीला गेले होते. मी फोन ठेवला आणि ह्यांचा चहा गाळला.

ह्यांच्या हार्ट अटॅकला चारच महिने झालेत. डॉक्टरांनी बजावलंय — कुठलाही धक्का नको. उद्या होनोलुलूला निघायचंय. परत आल्यावर डॉक्टरांसमोरच सांगेन.

भाऊजी विचारत होते, "वहिनी, दादासाठी थांबायचं का?" मी नको म्हटलं! थोरला असताना अग्नी धाकट्याने द्यायचा, हे मी ठरवलं. मी कोण ठरवणारी?

३ नोव्हेंबर, होनोलुलू

नळ सोडून रडते. हे बाहेरून म्हणाले, "हॉटेलचं पाणी संपवतेस की काय?"

५ नोव्हेंबर

हॉटेलात कामाला असलेल्या मोरिताबाई आज आम्हाला त्यांच्या जुन्या शिंतो देवळात घेऊन गेल्या. उसाच्या मळ्यांत राबायला आलेल्या जपान्यांनी बांधलेलं. दारात लाकडी कमान. आत दगडी कुंड, तिथे पळीने पाणी घेऊन हात धुवायचे, चूळ भरायची. देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. किमोनोतल्या लहान मुली तर इतक्या गोड!

मोरिताबाई कमानीपाशी थांबून म्हणाल्या, घरात कुणी गेलं असेल तर पन्नास दिवस हिच्याखालून जायचं नाही.

"हे तर आपलं सुतकच की," हे हसले.

माझं पाऊल उचलेना. पाय मुरगळला म्हटलं. "बस तू. आईला पाठवायला ताईत घेऊन येतो. देवाला सांगतो, म्हातारीला गुडघे दे!" म्हणाले आणि गेले.

मी बाहेर बाकावर बसले. त्यांना हाक मारायला तोंड उघडलं होतं. नाही मारली. कुंडाशी हात धुताना पाठमोरे दिसत होते. मग आतून दोन टाळ्या ऐकू आल्या आणि माझा जीव तुटला.

रिकाम्या हाताने परत आले. ताईत? "गर्दी होती." रात्री जेवले नाहीत. दमले असतील.

६ नोव्हेंबर

सकाळी ह्यांनी शांतपणे विचारलं, "आई केव्हा गेली?"

"एक तारखेला," मी म्हटलं.

"टाळ्या वाजवून वळलो, तर तू कमानीबाहेर पदर डोळ्यांना लावून बसलेली. तेव्हाच कळलं." मग म्हणाले, "स्वतः थांबलीस. मला का जाऊ दिलंस?"