कुणाच्या बोअरचं पाणी गोड

१ ऑक्टोबर
दीडशे घरांत आरोग्य खात्याची पत्रकं वाटली. तपासणीला पाण्याची बाटली आली — एक! तीही आमच्या साहेबांच्या मेव्हण्याची. पत्रकात सगळं होतं की — बोअरच्या पाण्यात आर्सेनिक असू शकतं, रंग नाही, वास नाही, वर्षानुवर्षं प्यायलं तर कॅन्सरचा धोका. ड्वाइटसाहेब म्हणतात, "वर कवटी छाप. घाबरले की येतील."
कुणाची छापायची ते मी ठरवलंय.

२ ऑक्टोबर
थेल्माबाईंकडे गेले. वय एक्याऐंशी. निम्मं गाव त्यांच्या वर्गात शिकलंय, आणि अजून त्यांना घाबरतं. ठरवूनच गेले होते — आज समजावायचं नाही, नुसतं ऐकायचं.
"पत्रक वाचलंत, बाई?"
"शुद्धलेखनाच्या तीन चुका. पण तुझं ऐकते हो मी! पूर्वी पाणी उकळत नव्हते, आता वीस मिनिटं खळखळ उकळते."
मेले! उकळून जंतू मरतात, आर्सेनिक नाही. पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं. म्हणजे उरलेलं पाणी आणखी वाईट! आम्ही लिहिलं 'दूषित', बाईंनी वाचलं 'जंतू'.
तोवर त्यांच्याकडची दोन कप कॉफी माझ्या पोटात गेली होती.

३ ऑक्टोबर
आणखी अकरा घरं. नऊ जण उकळतात. आमचं पत्रक वाचून!

९ ऑक्टोबर
नवं पत्रक बाईंना दाखवलं. पहिलीच ओळ — उकळू नका, तपासा. ती त्यांनी ठेवली. बाकीचं लाल पेन्सिलीनं खोडलं.
"पोरी, इथे कुणालाच आपलं पाणी वाईट वाटत नाही. शेजाऱ्याचं वाटतं. भीती कसली घालतेस? पैज लाव!"
ऑफिसात सांगितलं, तर ड्वाइटसाहेब दचकले. "सरकारी कामात पैज?"
"स्पर्धा म्हणू या, साहेब."
"मग हरकत नाही."

१३ ऑक्टोबर
चर्चमध्ये सगळ्या गावाचं शनिवारचं बीन्सचं जेवण. थेल्माबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या बोअरइतकं चांगलं पाणी या गावात नाही. ज्याला पटत नसेल त्यानं बाटली आणून दाखवावी!"
काय गोंधळ! दोन सख्खे भाऊ तर जेवण टाकून भांडत बसले — एकाच अंगणात दोन बोअर आहेत त्यांच्या.

१५ ऑक्टोबर
त्रेसष्ट बाटल्या!! टेबलावर जागा नाही. ड्वाइटसाहेब सगळ्यांना सांगताहेत, कल्पना त्यांची.

२ नोव्हेंबर
निकाल आले. एकोणीस घरांचं पाणी पिण्याजोगं नाही. सगळ्यांत वाईट थेल्माबाईंचं — आर्सेनिक मर्यादेच्या अकरा पट.
सांगायला मीच गेले. फिल्टर बसवता येतो, म्हटलं. बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला मूत्राशयाचा कॅन्सर झाला, तेव्हा डॉक्टर सारखं विचारायचे — सिगारेटी किती ओढता? एल्वुडनं जन्मात ओढली नव्हती."

दारापर्यंत सोडायला आल्या. "बाकीचे अठरा जण लाजतील, लपवतील. चर्चच्या फळ्यावर माझा आकडा लाव. नावासकट, मोठ्या अक्षरात."