छातीवरची वाटी

धुळे,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. संघमित्रा हिस,
आबाचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

इकडे मी ठीक आहे. थंडी यंदा जरा जास्तच पडली. तू, जावईबापू आणि बाळ तिकडे जळगावात खुशाल असाल. पत्र बघून म्हणशील, आबाला आज कुठून पाझर फुटला? फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

बातमी म्हणजे, दिवाळीनंतर गॅरेज बंद केलं. सगळ्यांना सांगितलं, गुडघे दुखतात. गुडघ्यांना काय धाड भरली आहे! तुझी आई गेल्यापासून घरात बोलणारं कोणी नाही. हायवेवर होतो तोवर ट्रकवाले निदान शिव्या तरी द्यायचे. आता सकाळी दोन भाकरी टाकतो, एक तेव्हाच खातो, एक संध्याकाळी. टीव्ही चालू ठेवतो. माणसांची तोंडं हलताना दिसतात, तेवढीच सोबत. एकटं वाटतं, पोरी. फार वाटतं.

शेजारच्या लीलाधर कुल्फीवाल्याला थंडीत धंदा नसतो, म्हणून तो माझ्या मागे लागला. विहाराच्या मागच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी नाद-ध्यान चालतं. एरंडोलची नूतन म्हणून मुलगी येते. काशाच्या जाड वाट्या मांडते आणि लाकडी दांडीने वाजवते. लोक डोळे मिटून चटईवर पडतात. त्या नादाने म्हणे जिवाला आराम पडतो, झोप लागते. मी म्हटलं, काय ही थेरं! तर लीलाधर म्हणतो, ‘चाल ना भाऊ, बठ्ठं फुकट शे.’ सगळं फुकट, म्हणून जायचं! त्याचा आवाज म्हणजे लाउडस्पीकर. नाही म्हणायची सोय नाही.

गेलो. एक डोळा किलकिला ठेवून पडायचो. सगळे उठले की उठायचं, एवढंच धोरण. एकदा खरोखर डोळा लागला. उघडला तर हॉल रिकामा, आणि लीलाधर माझ्या पायाशी बसून हसतोय.

तिसऱ्या रविवारी नूतनने मोठी वाटी माझ्या छातीवर ठेवली आणि दांडीने ठोका दिला. काय सांगू तुला! छातीच्या हाडांतून थरथर निघाली ती जबड्यापर्यंत गेली. किती महिन्यांनी काहीतरी माझ्यापर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या ठोक्याला मी वाटीवर हात ठेवला. थरथर सरळ नव्हती, एका जागी फरफरत होती. म्हटलं, ‘पोरी, ही वाटी चिरली आहे.’ तिने उजेडात नेऊन पाहिली, तर काठाखाली केसाएवढी चीर. लीलाधरने नंतर सांगितलं, महिनाभर तिला वाटत होतं की हिचा नाद लवकर विरतो, पण कारण सापडत नव्हतं. लीलाधरची छाती फुगली. ‘मंग! आमना भाऊ शे तो!’ लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी गाडीचं दुखणं सांगायचो, हे त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं.

नूतन हसली नाही. सगळे चहाला उठल्यावर तिने वहीत लिहिलं, ‘काका, तुम्हाला वाटी ऐकू येते का?’

मी आधी ‘हो’ लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, ‘नाही.’

आणि रडलो. तिथेच, चटईवर, चहा पिणाऱ्या माणसांसमोर. तिने माझा हात धरला आणि खाली लिहिलं, ‘वाटीने मन शांत होतं, काका. कान बरे होत नाहीत. डॉक्टरकडे जा.’ बुधवारी गेलो. उजवा कान पार गेला, डाव्यात थोडा जीव आहे. जवळून मोठ्याने बोललेलं कळतं. मशीन बसवतील, पण फोनवरचं कळेल की नाही, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

आता जूनचं सांगतो. एवढा वेळ तेच टाळत होतो.

तुझा फोन आला तेव्हा मी गॅरेजात एकटाच होतो. स्क्रीनवर तुझं नाव पाहिलं आणि घाईने कानाला लावला. नुसती खरखर. मग ती थांबली. वाटलं, तू काहीतरी विचारलं असशील. मी म्हटलं, ‘बरं. ठेवतो आता, गिऱ्हाईक आलंय.’ गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

आठ दिवसांनी माझ्या भावाचा प्रशील आला तो तडकूनच. ‘काका, मुलगी झाली म्हणून एवढं तोंड वाकडं? ताईने तिचं नाव सांगितलं, आवडलं का विचारलं, आणि तुम्ही फोन ठेवून दिला? रडत होती ती!’ मुलगी झाली, हे मला तेव्हा कळलं. अगं, तू झालीस तेव्हा मी सगळ्या गल्लीला जिलेबी वाटली होती, आणि मी मुलीवरून तोंड वाकडं करीन? पण प्रशीलला खरं काही सांगितलं नाही. ज्याने जन्मभर कानावर पोट भरलं, त्याने ‘मला ऐकू येत नाही’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? माझं नाक वर राहावं म्हणून मी तुला सात महिने रडू दिलं. चूक झाली. मोठी चूक झाली माझी.

आणखी एक आहे. गल्लीतल्या बायका विचारतात, ‘आबा, नातीचं नाव काय ठेवलं?’ मी म्हणतो, ‘आम्ही छकुलीच म्हणतो.’ प्रशीलला विचारलं असतं, तर त्याला सगळं कळलं असतं. तू ठेवलेलं नाव मला आवडलं नाही असं नाही, बाळा. मला ते माहीतच नाही.

माफ कर म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. भेटायला ये असंही म्हणत नाही. एका कार्डावर तिचं नाव तेवढं लिहून पाठव. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा आबा,
आणि जिचं नाव अजून ठाऊक नाही, तिचा आजोबा
भाईदास