उत्तरदाता क्रमांक चार

सोमवार, ३ जून. दुपार
माझं आयुष्य बदललं ते आज, चहाच्या सुट्टीत, अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की, कारण सुट्टी संपल्याची बेल मीच वाजवतो. ती म्हणाली, मग पुढे काय झालं? बावीस वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नाही. घरी मी तोंड उघडलं की ताई विचारते, संपलं का?

रात्री जेवणाआधी
नीट लिहून ठेवतो. संस्थेत दोन आठवड्यांचं शिबिर सुरू झालंय. रशियाचं राजकारण आणि परराष्ट्र संबंध यांवर काम करणारे बारा नवे संशोधक. शिकवायला निवृत्त राजदूत. मी माइक आणि प्रोजेक्टर बघतो. म्हणजे कागदोपत्री. मागच्या खुर्चीवर बसून तीन वर्षं सगळी लेक्चरं ऐकलेला माणूस वर्गात एकच, मी. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, हजेरीच्या तात्त्विक वादातून. ताई म्हणते, कॉलेजने तुला सोडलं.
त्या बारांपैकी एक ती. तिचा विषय उत्तरेकडचा बर्फाळ समुद्रमार्ग. म्हणून मी तिचं नाव ठेवलंय आर्क्टिक. मनातल्या मनात.
तिने एक फॉर्म पुढे केला. म्हणाली, मुलाखत घ्यायचा सराव आहे, रोज थोडं बोलू, मी रेकॉर्ड करीन, तुमचं नाव कुठेही येणार नाही, वाटलं तर कधीही माघार घ्या, वाचून सही करा. मी न वाचता केली. माघार घेणारी जात नाही आपली. आणि सराव वगैरे बहाणा आहे. तुमच्याशी बोलावंसं वाटतं असं मुलगी सरळ कशी सांगेल? एवढं न कळायला मी दूधखुळा नाही.

मंगळवार, ४ जून
संकल्प. एक, रोज दाढी. दोन, रोज रशियन पाच अक्षरं. तीन, तिच्यासमोर कमी बोलायचं, गूढ राहायचं.

त्याच दिवशी, सहा वाजता
पन्नास मिनिटं बोललो. गूढपणा उद्यापासून. मी थांबलो की तीही थांबते आणि नुसती बघत राहते. अशी शांतता दोन जिवांतच असू शकते. मला ती झेपत नाही, म्हणून मी पुन्हा सुरू होतो.

गुरुवार, ६ जून
तिला सांगितलं, राजदूतसाहेब माझ्याशी फार मोकळेपणाने बोलतात, आतल्या गोष्टी सांगतात. अगदीच खोटं नाही. कॉलरला माइक लावताना मला म्हणाले होते, अहो जरा हळू, गळा आवळाल. परक्या माणसाशी असं कोण बोलतं?
मग माझा सिद्धांत सांगितला. आमचे काका दर वर्षी कुंपण वीतभर आमच्या बाजूला सरकवतात आणि वर बाबांनाच म्हणतात, दादा, तुमच्यामुळे मला असुरक्षित वाटतं. मोठ्या देशांचं परराष्ट्र धोरण याहून वेगळं काही नसतं. तिने वहीत त्याखाली रेघ मारली. दोनदा. मी उलटं वाचू शकतो.

शुक्रवार, ७ जून
मी म्हटलं, अगं मला तू म्हण की. हसली. म्हणाली, तुम्ही बोला. घरचं वळण चांगलं दिसतंय.

रविवार, ९ जून
काल बोलता बोलता म्हणाली, सप्टेंबरात तिकडे जातेय, तीन महिने, सगळं एकटीने सांभाळायचं, जरा धाकधूक आहे. समझनेवाले को इशारा काफी.
घरी जाहीर केलं, मी रशियाला चाललोय, संशोधन सहायक म्हणून. बाबांनी पेपरातून डोकं काढलं नाही. म्हणाले, का, तिकडे प्लग लावायला माणसं नाहीत का? ताईने विचारलं, तिने तुला बोलावलंय? मी म्हटलं, काही गोष्टी बोलायच्या नसतात. ती म्हणाली, बरं, मग तिच्याबद्दल काहीतरी सांग. भावंडं किती? घरी कोण असतं? मी तिच्या अंगावर ओरडलो आणि खोलीत आलो.
खोलीत आठवून पाहिलं. समुद्रमार्ग. बाकी काही नाही. विचारायला मला वेळ मिळतो कुठे? उद्या विचारतो.

सोमवार, १० जून
बोलण्याच्या ओघात राहून गेलं. अक्षरं अकरा येतात. पैकी पाच इंग्रजीसारखीच आहेत, पण तरी.

बुधवार, १२ जून
मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, वायरी नीट गुंडाळून ठेवत जा रे. रशियाला निघालेल्या माणसाला वायरी! जागच्या जागी राजीनामा लिहून टेबलावर आपटला. शुक्रवार शेवटचा दिवस, मग मोकळा. वाटलं, जरा गयावया करेल. तो म्हणाला, जाताना कपाटाची किल्ली दे.
आर्क्टिकला सांगितलं. तिने मला पहिल्यांदाच मधे तोडलं. म्हणाली, अहो, असं का केलंत? घाईत निर्णय घेऊ नका. आवाजात केवढी काळजी! तीर लागला आहे.

गुरुवार, १३ जून
उद्या सगळ्यांची सादरीकरणं. तिचं झालं की विचारणार. शर्ट इस्त्रीला. शिबिरातल्या एका दाढीवाल्या संशोधकाने जिन्यात विचारलं, तू तिच्याकडचा कितवा? मी म्हटलं, एक नंबर. जळतात लेकाचे.

शुक्रवार, १४ जून
तिच्यासाठी सगळ्यात चांगला माइक ठेवला होता.
ती म्हणाली, जिथे सत्तेच्या आतली माहिती बाहेर येत नाही, तिथे आतलं सगळं मला माहीत आहे असं सांगणारे भरपूर भेटतात. त्यांचं बोलणं ऐकायचं कसं आणि पारखायचं कसं, हा माझा सराव. पडद्यावर अक्षरं आली, उत्तरदाता क्रमांक चार. मग आवाज. घोगरा, बदललेला. पण कुंपण माझं होतं. काका माझे होते.
सगळे हसले. पुढच्या स्लाइडवर हिशेब. पारखलेले दावे एकतीस, टिकलेले दोन. एक, तो कॉलेजात होता. दोन, आता नाही.
राजदूत म्हणाले, असा माणूस प्रत्येक राजधानीत भेटतो. त्याला सोडू नका, फक्त विश्वास ठेवू नका.
मी उठलो आणि ओरडलो, तो चार नंबर मी आहे!
राजदूतांनी कपाळाला हात लावला. ती पांढरीफटक. म्हणाली, अरे, काय केलंस तू हे? आवाजसुद्धा बदलला होता मी. कोणालाही कळणार नव्हतं. बारा दिवसांत पहिल्यांदा तू म्हणाली, तेही असं.
मी म्हटलं, हा दगा आहे. केसाने गळा कापलास माझा. मी माघार घेतो! सात तासांचं रेकॉर्डिंग, तिची सगळी मेहनत. आता विनवण्या करेल असं वाटलं.
ती म्हणाली, तुमचा हक्क आहे. सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला, फाइल दाखवली. विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. मनात म्हणत होतो, नाही म्हण, एकदा नाही म्हण. तिने पुसलं. सात तास मी, आणि पुसायला तीन सेकंद. वहीतली पानंही फाडून माझ्या हातात दिली. रेघा दोनच होत्या, मी बरोबर वाचलं होतं. हळूच म्हणाली, कुंपणाचं उदाहरण मला प्रबंधात हवं होतं. खरंच. आता नाही घेता येणार.
राजदूत म्हणाले, शाब्बास, संशोधकाने असंच वागावं. टाळ्या पडल्या. तिच्यासाठी.
मी निघालो. दार धाडकन आपटलं, पण त्याला वरून दांडा आहे, ते सावकाशच लागतं. अर्धं लागलं तेवढ्यात आतून दाढीवाला म्हणाला, हॅलो, हॅलो, अहो हा माइक चालत नाही वाटतं.
कोणी उठेना. परत आत गेलो. सेल संपला होता, बदलला. एक दोन तीन म्हणून पाहिलं. आवाज चांगला येत होता. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो. त्याचं सादरीकरण चालू झालं होतं, म्हणून दार हाताने धरून हळूच लावून घेतलं.