तिने शोधलेलं पहिलं नाव

तिच्या बाबास,

बबडी तेरा वर्षांची झाली. वर्गातल्या सगळ्या मुली सोशल मीडियावर आहेत म्हणून तिने वर्षभर माझं डोकं खाल्लं. "मोठी झालीस की बघू," म्हणत मी पडदे शिवत राहायचे. मला भीती वाटायची ती अनोळखी माणसांची.

परवा शेवटी मशीन थांबवलं आणि तिला शेजारी बसवून खातं उघडून दिलं. मैत्रिणींना शोधेल असं वाटलं होतं. तिने पहिलं नाव टाइप केलं ते तुझं.

फोटोत तुझ्या खांद्यावर बसलेलं, तुझ्या नव्या संसारातलं बाळ ती खूप वेळ बघत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"हो गं."

"हसताना माझ्यासारखंच दिसतं." मग हळूच म्हणाली, "मी लाइक केलं तर बाबांना कळेल?"

"कळेल."

तिने केलं.

तेव्हापासून शाळेतून आली की दप्तर पाठीवरच असतं आणि हात फोनकडे जातो. तुझं काहीच आलेलं नसतं. मग ती गप्प जेवते आणि मी उगाच बडबडत राहते. तू नवे फोटो टाकतोस, म्हणजे फोन बघतोस.

हे पत्र मी पाठवणार नाही. मी सांगितलं म्हणून तू तिच्याशी बोललास, असं मला नकोय.

काल मी म्हटलं, "अजून तुझं वय नाही बाई. बंदच करून टाकू या ते."

तिने फोन छातीशी धरला. "आणि बाबांनी नेमकं उद्या उत्तर दिलं तर?"

खातं चालूच आहे.

तिची आई