आईचे नाव खोडून केलेले मृत्युपत्र

"अजून किती दिवस?" हा प्रश्न मला गेल्या चार वर्षांत शेकडो वेळा विचारला गेला. त्याचे उत्तर मला देता येत नाही, हे मी सर्वप्रथम नोंदवते. दुसऱ्याबद्दल देता येत नाही, तसे स्वतःबद्दलही देता येत नाही. म्हणून हा कागद.

मी, कुमारी प्रांजली मुंजाबा डोईफोडे, वय २७, बी.एस्सी. नर्सिंग, आमच्या घरातली पहिली पदवीधर, सध्या राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, मूळ राहणार दौलताबादजवळची धनगरवस्ती, माझ्या इच्छेने खालीलप्रमाणे लिहून ठेवते. मला कोणताही आजार नाही आणि माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहावे म्हणून कोणी दबाव आणला नाही. लिहू नये म्हणून मात्र बराच आणला.

१. वस्तीवर माझ्या पगारातून बांधलेली पक्की खोली भाऊ अजिनाथ व वहिनी यांना राहण्यासाठी. ती विकू नये. बँकेतली शिल्लक व स्कूटर माझी भाची संस्कृती हिला, फक्त शिक्षणासाठी. तिला नर्सिंग करायचे नसेल तर आग्रह करू नये. करायचे असेल तर अडवू नये.

२. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि औषधांची निळी बॅग आमच्या संस्थेला. बरे होणार नाहीत अशा रुग्णांच्या घरी जाऊन आम्ही त्यांच्या वेदना कमी करतो. लोक विचारतात, "बरं करीत नाय तर मग करता काय?" आम्ही माणसाला शेवटपर्यंत माणूस म्हणून जगू देतो, आणि याचा मला अभिमान आहे. पण या कामातले माझे खरे शिक्षक महाविद्यालयात नव्हते, ते खाटेवर होते. त्यातल्या दोघांची नावे या कागदावर असावीत.

उस्मानपुऱ्यातले काकासाहेब निवृत्त तलाठी होते. स्वतःच्या दहाव्याचा स्वयंपाक त्यांनी स्वतः ठरवला. "वांगं करू नका. मला आवडत नाय." सून रडत म्हणाली, "मामंजी, तुम्ही कुठं जेवायला असणार आहात?" तर म्हणाले, "म्हणून काय माझ्या नावावर वांगं खपवता?" त्या दिवशी त्या घरात महिनाभरात पहिल्यांदा सगळे एकत्र हसले. त्यानंतर सुनेने त्यांना विचारायचे ते सगळे विचारून घेतले.

दौलताबादच्या आवडाबाईंनी चाळीस वर्षे रस्त्याकडेला सीताफळे विकली. त्यांचे नातेवाईक उंबऱ्याबाहेर उभे राहून कुजबुजत. आतून आवाज आला, "मी मरायली, बहिरी नाय झाले. आत येऊन बोला." हे वाक्य मी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. ती डायरीही संस्थेला.

३. आमचे भावकीतले पुंजारामकाका यांना माझ्याकडून काहीही नाही. "मढ्यांच्या दारात फिरणारी पोरगी कोण करून घेईल?" असे त्यांनी भर लग्नात विचारले होते. पुढे त्यांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा हेच काका आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "प्रांजलीताई, जरा येता का?" मी गेले. अठरा दिवस रोज गेले. तेव्हा हिशेब फिटला. माझ्या मनात राग नाही, पण "ताई" हा शब्द मी विसरणार नाही.

४. वडिलांची काठी भाऊ अजिनाथ यास. त्यांची घोंगडी माझ्याबरोबर जाळावी.

हे कलम लिहायला मला सर्वात जास्त वेळ लागला. अण्णांच्या पोटात गाठ होती. तीन वर्षांपूर्वी, हातात पदवी असताना, मी त्यांना सांगितले की जखम आहे, भरून येईल. घरातल्या सगळ्यांनी ठरवले होते, "म्हाताऱ्याला कळू द्यायचं नाय." अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "प्रांजली शिकलेली हाय. ती म्हणती बरं व्हईल, म्हणजे व्हईल." माझ्या शिक्षणावर एवढा विश्वास कोणी ठेवला नव्हता, आणि मी तो खोटे बोलायला वापरला.

त्याची किंमत अशी. दिवाळीनंतर आमच्या मेंढ्या गंगाथडीला, म्हणजे गोदाकाठी, चरायला जातात. वाटेत कोणत्या गावात कोणाच्या रानात मेंढ्या खतासाठी बसवायच्या, कोणाची विहीर मोकळी, कोणाशी भांडण, हे सगळे अण्णांच्या डोक्यात होते. अजिनाथदादा विचारायचा तेव्हा अण्णा म्हणायचे, "औंदा बरा झालो की संगं येतो. चालता चालता दावतो." बरे होणार, असे मीच सांगितले होते ना. ते दिवाळीच्या आधी गेले आणि वाटही घेऊन गेले. तीन हंगाम दादा शिवेशिवेवर हुसकावला गेला.

५. माझे दागिने व बाकी सर्व काही आई श्रीमती आक्काबाई हिला, असे पहिल्या मसुद्यात होते. ते मी खोडले आहे. का, ते सांगणे आवश्यक आहे.

माझी मैत्रीण अॅडव्होकेट मंजुषा हिचे कार्यालय गुलमंडीत आहे. मसुदा वाचून तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "आई तुझ्याआधी गेली तर कोणाला? पर्यायी नाव लिही." मी पेन उचलले आणि थांबले. आईच्या यकृतात गाठी आहेत, हे मला श्रावणापासून माहीत होते. आईला सांगितले होते की पित्त आहे. पुन्हा तेच. आईच्या नावे सगळे लिहिणे म्हणजे सही-शिक्क्याने खोटे बोलणे होते.

आईला खरे सांगणार आहे, असे दादाला सांगितले तर तो उसळला. "तू सांगितलंस तर ती आजच मरंल. शिकलीस म्हणून काळीज दगडाचं झालं का तुझं?"

मी म्हणाले, "दादा, अण्णांना आपण किती दिवस जास्त जगवलं?"

तो माझ्याबरोबर आईकडे आला नाही. गोठ्याच्या दारात उभा राहिला.

आई लोकर कातत बसली होती. मी शेजारी बसून विचारले, "आई, तुझ्या आजाराबद्दल तुला किती सांगू? सगळं, का थोडं?"

तिने हात थांबवला नाही. "तुझ्या बापाला सांगितलं तेवढं सोडून सगळं."

मी सगळे सांगितले. तिने सूत गुंडाळून ठेवले, मग विचारले, "दिवाळी?"

"सांगता येत नाही, आई. खरंच येत नाही."

"मग बसू नको. अजिनाथला बोलीव. तिथं दारात काय करायलाय खांबावानी?"

दादा आला. आई म्हणाली, "पैल्या मुक्कामाला वड्याच्या अल्याड थांबायचं, कडूबा पाटलाच्या रानात. पल्याडचा माणूस कुत्री सोडतो." मग दुसरा मुक्काम, तिसरा. तेवीस मुक्काम तिने सांगितले. तीस वर्षे प्रत्येक मुक्कामावर बिऱ्हाड घोड्यावरून तिनेच उतरवले होते. अण्णा गेल्यापासून ती वस्तीवरच राहिली होती.

दादा रडत म्हणाला, "आये, तीन साल मी भटकलो. बोलली का नाहीस?"

"मला कुणी इचारलं? वाट बापाची, तर बापालाच इचारायची, असं तुमचं. मला वाटलं तुला ठाव हाय."

खरेच आहे. आम्ही कोणीच आईला विचारले नव्हते. मी तर पदवीधर.

सबब दागिने व बाकी सर्व काही वहिनीला. आईचे नाव आईच्या समक्ष खोडले. ती म्हणाली, "नीट खोड. अर्धवट दिसाया नको."

६. मी आजारी पडले तर मला सर्व खरे सांगावे. मी शुद्धीवर नसेन तेव्हा उपचाराचे निर्णय मंजुषाने घ्यावेत. दादाला हा अधिकार मी देत नाही, कारण त्याचे माझ्यावर फार प्रेम आहे. माझ्या खाटेजवळ कोणी कुजबुजू नये.

७. साक्षीदार म्हणून आईचा अंगठा घ्यायला मंजुषाने हरकत घेतली. साक्षीदार मागे राहणारा हवा, असे तिचे म्हणणे. त्यावर आई म्हणाली, "मी अंगठा दिल्याबिगर ह्यो कागद खरा कसा?" म्हणून कायद्यासाठी खालील दोन, आणि माझ्यासाठी तिसरी.

हे सर्व मी वाचून पाहिले व आईला मोठ्याने वाचून दाखवले. तिने एकच दुरुस्ती सांगितली, मुक्काम तेवीस नसून चोवीस. चोविसावा दादाला सांगून झाला आहे.

ठिकाण : धनगरवस्ती, दौलताबादजवळ, जि. छत्रपती संभाजीनगर
दिनांक : ६ ऑक्टोबर २०२४

लिहून ठेवणार : प्रांजली मुंजाबा डोईफोडे (सही)

साक्षीदार :
१) शिवम काकासाहेब जाधव, रा. उस्मानपुरा (सही)
२) सुदर्शन कचरू गाडेकर, सहकारी परिचारक (सही)
३) आक्काबाई मुंजाबा डोईफोडे, स्वतःच्या आजाराची पूर्ण माहिती असताना (डाव्या हाताचा अंगठा)